शिवारावर रेघ पडण्याआधी: बेळगाव सीमाभागात जमीन-वापर, रस्ते आणि बसमार्गांचे निर्णय कसे गाठावेत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात, कधीकधी चार-पाच ओळींची चौकट असते. मजकूर कन्नडमध्ये. वर ‘सार्वजनिक प्रकटणे’, खाली गावाचं नाव, एक सर्व्हे नंबर, किती एकर किती गुंठे, आणि शेवटी ‘१५ दिनगळोळगे’, म्हणजे पंधरा दिवसांच्या आत. आपल्यातले बहुतेक जण ती चौकट ओलांडून पुढच्या बातमीवर जातात. मीही जात असे.

आमच्या भावकीतल्या एका काकांच्या भातशेताला लागून असलेली जमीन ‘शेती’तून ‘निवासी’ करण्याची अशीच चौकट एकदा आली. नाल्याचं पाणी त्या जमिनीतून उतरून काकांच्या बांधाला येतं. तिथे भराव पडला की पाणी कुठे तुंबणार, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नव्हता. आम्हाला मात्र ती गोष्ट चहाच्या टपरीवर कळली. धावपळ करून अर्ज लिहिला आणि एकोणिसाव्या दिवशी कार्यालयात पोचलो. मुदत पंधरा दिवसांची होती. टपाल घेणाऱ्या माणसाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि हळूच म्हणाला, “काका, चार दिवस आधी यायला पाहिजे होतं.”

त्या चार दिवसांपायी हा लेख लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात ज्यांनी नुकताच प्लॉट घेतलाय, जे पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आलेत, किंवा ज्यांच्या वाडवडिलांच्या शेतावर आता कुठल्यातरी आराखड्यातली रेघ येऊ पाहतेय, त्यांच्यासाठी. मी वकील नाही. पण कागद घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या बऱ्याच चढलोय आणि कुठे घसरतो ते मला माहीत आहे.

पायरी १: आपल्या जमिनीचा नंबर आणि त्यावरचं नाव

सगळं काम नंबरावर चालतं. “वडगावच्या शिवारातलं आमचं शेत” एवढ्यावर कोणतंही कार्यालय हलत नाही. गावाकडच्या शेतीला आर. एस. म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर असतो, शहरातल्या जुन्या गल्ल्यांतल्या घराला सीटीएस नंबर. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे सिटी सर्व्हे, उतारा, तलाठी हे शब्द आपल्याकडे अजून रुळलेले आहेत, बेंगळुरूकडच्या माणसाला ते समजावून सांगावे लागतात. तुमच्या हातात दोन्ही नंबर असले तर दोन्ही लिहून ठेवा.

नंबर माहीत नसेल तर मोबाईलवर ‘दिशांक’ नावाचं सरकारी ॲप घ्या. शेतात उभं राहून ते उघडलं की पायाखालचा सर्व्हे नंबर दिसतो. बांधाजवळ ते थोडं इकडेतिकडे दाखवतं, म्हणून शेताच्या मधोमध उभं राहून बघा. मग जमिनीच्या नोंदींच्या ‘भूमी’ या सरकारी संकेतस्थळावरून किंवा नाडकचेरी या महसूल कार्यालयातून उतारा काढा.

उतारा हातात आला की पहिली गोष्ट बघायची ती नाव. आपल्याकडे इतक्या घरांत उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे की सांगता सोय नाही. भूसंपादनाची नोटीस निघते ती उताऱ्यावरच्या नावाने. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली, मुलं तिघं, एक पुण्यात, एक गोव्यात, आणि नोटीस जुन्या घराच्या दाराला चिकटवलेली. मुदत तिथेच संपते. वारसाची वर्दी, म्हणजे वारसांची नावं उताऱ्यावर चढवणं, राहिली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते काम करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत.

पायरी २: ठरवतं कोण, ते ओळखा

नव्या माणसाची सर्वात मोठी गफलत इथे होते. तो नगरसेवकाकडे जातो, नगरसेवक आमदाराकडे पाठवतो, आणि तोवर भलत्याच टेबलावर सही होऊन जाते.

बेळगाव शहर आणि त्याला लागलेल्या गावांत कोणती जमीन निवासी, कोणती व्यापारी, कोणती औद्योगिक आणि कोणती हिरव्या पट्ट्यात, हे महापालिका ठरवत नाही. ते बुडा म्हणजे बेळगाव नगर विकास प्राधिकरण ठरवतं. त्याचा आधार १९६१ चा कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा. बुडाचा अध्यक्ष सरकार नेमतं, सदस्यांत आमदार असतात, अधिकारी असतात. हे सगळं ज्या नकाशात मांडलेलं असतं तो मास्टर प्लॅन बुडा तयार करतं, पण त्याला शेवटची मंजुरी राज्य सरकारची. लेआउट म्हणजे जमिनीत प्लॉट पाडण्याचा आराखडा, त्याला मंजुरी देणंही बुडाचंच काम. प्राधिकरणाच्या हद्दीबाहेरच्या गावांचं काम नगररचना खात्याकडे जातं. म्हणून आपलं गाव बुडाच्या हद्दीत आहे की नाही, हा प्रश्न पंचायतीत पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

शेतजमीन बिगरशेती करण्याचा आदेश मात्र जिल्हाधिकाऱ्यांचा. १९६४ च्या महसूल कायद्याचं ९५ वं कलम. आपण त्याला एनए म्हणतो. मास्टर प्लॅनमध्ये जमीन पिवळी म्हणजे निवासी दाखवली म्हणून ती आपोआप एनए झाली असं धरून चालू नका, आणि एनए झाली म्हणून लेआउट मंजूर झाला असंही नाही. तिन्ही गोष्टी वेगळ्या, तिघांच्या सह्या वेगळ्या.

महापालिकेकडे शहरातले रस्ते, गटारी, बांधकाम परवाने, रस्ता रुंदीकरणाची अंमलबजावणी आणि बसथांब्यांचे निवारे असतात. ५८ वॉर्ड आहेत, प्रत्येकाला नगरसेवक आहे, आणि स्थायी समित्यांपैकी एक नगररचनेची आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा. महापालिकेची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, पण महापौर निवडला गेला फेब्रुवारी २०२३ मध्ये. निवडून आलेले नगरसेवक सभागृहाविना होते तेव्हाही शहरात रस्ते खोदले जात होते, निविदा निघत होत्या. लोकनियुक्त सभा बसत नसते तेव्हा प्रशासक निर्णय घेतो, आणि अशा काळात नागरिकाने जास्त जागं राहायचं असतं. वॉर्ड समितीची तरतूद महापालिका कायद्यात आहे. आपल्या वॉर्डाची समिती कधी बसते ते नगरसेवकाला विचारा आणि जाऊन बसा.

गावात ग्रामपंचायत आणि पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी. मच्छे, पिरनवाडीसारख्या ठिकाणी आता नगर पंचायत झाली आहे, तिथे मुख्याधिकारी. राष्ट्रीय महामार्ग किंवा बायपास असेल तर निर्णय दिल्लीच्या खात्याचा, जमीन घेणारा अधिकारी इथला. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घेतं ते केआयएडीबी म्हणजे कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ, त्यांचा कायदा १९६६ चा आणि निराळा. बससेवा वायव्य परिवहन मंडळाची, ज्याचं मुख्यालय हुबळीत आहे.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. नोटिशीच्या डोक्यावर कोणाचं नाव आणि कोणतं कलम लिहिलंय एवढं बघा. तुमचा अर्ज त्याच नावाने जायला हवा. बाकीच्यांना प्रती.

पायरी ३: नोटिशीतली कन्नड

आपल्याकडे अनेकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. घरातल्या शाळकरी मुलांना वाचता येतं, पण सरकारी शब्द त्यांना कळत नाहीत. म्हणून हे काही शब्द ओळखीचे करून घ्या. ‘प्रकटणे’ म्हणजे जाहीर सूचना. ‘आक्षेपणे’ म्हणजे हरकत, ‘सलहे’ म्हणजे सूचना. ‘भू बळके बदलावणे’ दिसलं की थांबा, जमिनीचा वापर बदलतोय. ‘महायोजने’ म्हणजे मास्टर प्लॅन. ‘कृषी’ आणि ‘वाणिज्य’ तर आपलेच शब्द, ‘वसती’ म्हणजे निवासी, ‘कैगारिके’ म्हणजे औद्योगिक. ‘रस्ते अगलीकरण’ म्हणजे रुंदीकरण. ‘भूस्वाधीन’ म्हणजे भूसंपादन, आणि हा शब्द वाचल्यावर त्या दिवशीची बाकीची कामं बाजूला ठेवायची. ‘दिनगळोळगे’ म्हणजे इतक्या दिवसांच्या आत.

मराठीत अर्ज देता येतो का, हा प्रश्न मला हमखास विचारतात. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणं मांडणारं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो हक्क वापरावाच. पण माझा अनुभव सांगतो: हरकतीचा अर्ज कन्नडमध्ये आणि सोबत त्याचीच मराठी प्रत, दोन्हींवर सही, अशी जोडी दिली की फाइल अडकत नाही. अर्ज वाचणारा अधिकारी रायचूरचा असू शकतो, म्हैसूरचा असू शकतो. आपल्याला त्याच्याकडून निर्णय हवा आहे, आणि निर्णयाची तारीख कुणासाठी थांबत नाही. शेजारच्या गल्लीतला कन्नड शिक्षक किंवा कॉलेजात शिकणारी पोरगी अर्ध्या तासात मजकूर उतरवून देते. मराठीच्या हक्काची मागणी वेगळ्या निवेदनात, पूर्ण ताकदीने करा. जमिनीच्या हरकतीत दोन विषय मिसळू नका.

पायरी ४: पंधरा, एकवीस, तीस, साठ

हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पंधरा दिवस: मंजूर मास्टर प्लॅनमधल्या एखाद्या जमिनीचा वापर बदलायचा असेल तेव्हा. नियोजन कायद्याचं १४-अ कलम. प्रस्ताव वर्तमानपत्रात छापून किमान १५ दिवस हरकतींसाठी द्यावे लागतात, आणि बदल सार्वजनिक हिताचा असावा लागतो. ‘सार्वजनिक हित’ हे शब्द कायद्यातले आहेत, हरकतीत तेच वापरा. सगळ्यात छोटी मुदत हीच आणि सगळ्यात जास्त नोटिसाही हिच्याच. आम्ही हिच्यातच चुकलो.

एकवीस दिवस: राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना. १९५६ च्या महामार्ग कायद्याखाली ३-अ ची अधिसूचना छापल्यापासून एकवीस दिवसांत ३-क खाली हरकत. त्यानंतर ३-ड निघाली की जमीन सरकारची झाली, पुढे बोलणं उरतं ते मोबदल्याचं.

तीस दिवस: बुडाची निवासी योजना किंवा केआयएडीबीची औद्योगिक वसाहत, यांत जमीन मालकाला नोटीस मिळाल्यावर.

साठ दिवस: मास्टर प्लॅनला सरकारची तात्पुरती मंजुरी मिळून तो जाहीर झाल्यावर. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालीही प्राथमिक अधिसूचनेनंतर साठ दिवस असतात.

या साठ दिवसांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. मास्टर प्लॅनची फेरतपासणी दहा वर्षांतून एकदा तरी व्हावी असं कायदा सांगतो. म्हणजे तुमच्या शिवारातून रस्ता जाणार की नाही, नाल्याच्या काठाला मोकळी जागा राहणार की नाही, मुलांच्या शाळेसमोर गोदामं येणार की नाही, हे ठरण्याची संधी दहा वर्षांत एकदाच, दोन महिन्यांसाठी उघडते. तेव्हा नकाशे भिंतीवर लावलेले असतात आणि बघायला येतात ते प्लॉट विकणारे. शेतकरी येतो तो पाच वर्षांनी, बुलडोझर आल्यावर. नकाशा बघायला जाताना आपला सर्व्हे नंबर, दिशांकवरचा फोटो आणि गावातला एक जुना, वाटा-ओढे माहीत असलेला माणूस सोबत न्या. आधी नकाशाच्या कोपऱ्यातली रंगांची सूची वाचा. मग आपलं शेत शोधा, आणि त्याच्या चारी बाजूंचे रंग बघा. आपला रंग हिरवा राहिला आणि वरच्या अंगाचा पिवळा झाला, तर पाणी आपल्याकडेच येणार.

बळ्ळारी नाल्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, अलारवाड या भागातलं भातपीक पावसाळ्यात किती वेळा पाण्याखाली गेलंय. बेळगाव बासमती पिकवणारी ही जमीन. एकदा तिच्यावर भराव पडला की तो तांदूळ दुसरीकडे जाऊन पिकत नाही. म्हणून मला वाटतं, या भागातल्या कुठल्याही हरकतीत पहिला मुद्दा पाण्याचा असावा, दुसरा रस्त्याचा आणि तिसरा जमिनीच्या भावाचा. लोक उलट्या क्रमाने लिहितात.

पायरी ५: हरकत लिहिताना

“आमचा या योजनेला तीव्र विरोध आहे” या एका वाक्याचे शंभर अर्ज मी गठ्ठ्यात पाहिले आहेत. त्यांना उत्तरही एकच मिळतं. अधिकाऱ्याला प्रत्येक मुद्द्यावर शेरा लिहावा लागेल असा अर्ज द्या.

वर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. मग आपलं नाव, गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र. मग एकेक मुद्दा, प्रत्येकाला अंक. मुद्द्यासोबत पुरावा: पाणी साचल्याचा तारखेसह फोटो, विहिरीची नोंद असलेला उतारा, पिकाचा दाखला, शाळेपासूनचं अंतर. सुनावणी द्यावी अशी स्पष्ट मागणी. आणि जमलं तर पर्याय.

पर्यायावर मी भर देतो, कारण आपल्याच भागाने तो शिकवलाय. धारवाड-कित्तूर-बेळगाव या ७३ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ते नुसतं नको म्हणाले नाहीत. सुपीक जमीन वगळून पडीक भागातून मार्ग कसा नेता येईल, हे त्यांनी नकाशावर मांडलं. हलगा-मच्छे बायपासच्या लढ्यात शेतकऱ्यांनी ‘झिरो पॉइंट’चा प्रश्न धरला: महामार्ग कागदावर नेमका कुठून सुरू होतो आणि त्या कागदात हा बायपास बसतो का? जेमतेम नऊ-साडेनऊ किलोमीटरचा रस्ता, पण त्या एका नेमक्या प्रश्नावर वर्षानुवर्षं न्यायालयात बाजू लढवता आली. ते काम पुढे पोलीस बंदोबस्तात सुरू झालेलंही आपण पाहिलं, ते दुःख वेगळं. पण लढता आलं ते कागद वेळेवर दिलेला होता म्हणून. बेळगावभोवतीच्या रिंगरोडच्या वेळी तीसहून अधिक गावांतून हरकती गेल्या, त्यामागेही आधीच्या लढ्यातून आलेलं हे शहाणपण होतं.

गावाने एकत्र येऊन ठराव करायचा असेल तर ग्रामसभेत करा. इतिवृत्तात शब्द नीट उतरलेत का ते वाचूनच सही करा. पण सामूहिक ठरावाने वैयक्तिक हरकतीची जागा भरून निघत नाही. ज्याची जमीन, त्याचा स्वतंत्र अर्ज हवाच.

पायरी ६: पोच

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आत द्यायची, दुसरीवर इनवर्ड म्हणजे आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्क्यातली तारीख अस्पष्ट उठली तर तिथल्या तिथे परत मारून घ्या. मी एकदा तसाच घरी आलो आणि नंतर त्या एका पुसट आकड्यावरून वाद झाला. टपालाच्या टेबलावर “साहेब नाहीत, उद्या या” असं ऐकू आलं तर साहेबांची गरज नाही हे लक्षात घ्या. टपाल विभाग अर्ज घेतो. तरीही घेतला नाही तर त्याच दिवशी पोस्टात जा आणि स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. पावती अर्जाला टाचून ठेवा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, शेवटचा दिवस नेमका सुट्टीचा निघतो.

पुढे काय झालं हे कुणी आपणहून कळवत नाही. महिनाभर थांबून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कर्नाटकात त्याचे दोन नियम नव्या माणसाला ठाऊक नसतात: अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. मागायचं काय? माझ्या इनवर्ड नंबरच्या अर्जावर लिहिलेले शेरे, सुनावणीचं इतिवृत्त, आणि ज्या बैठकीत निर्णय झाला तिच्या ठरावाची प्रत. ‘का’ विचारू नका, ‘प्रत द्या’ म्हणा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

बस मागायची असेल तर

नवी वसाहत आली की दोन वर्षांत लोक राहायला येतात आणि मग कळतं की सकाळची एकच बस आहे. जमीन-वापराचा निर्णय एका कार्यालयात होतो, बसचा दुसऱ्या गावातल्या कार्यालयात, आणि दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. ती आपणच घालायची.

सुरुवात रस्त्याच्या रुंदीपासून. लेआउटच्या नकाशात आतला मुख्य रस्ता किती रुंद आहे, तो पुढच्या लेआउटच्या रस्त्याला जोडतो की भिंतीला जाऊन थांबतो, बस वळायला जागा आहे का, हे मंजुरीआधीच्या हरकतीत विचारा. एकदा प्लॉट विकले गेले की तीस फुटी गल्लीत बस कधीच येत नाही. कर्नाटकात इमारत किती मजली होणार हेही समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं, त्यामुळे बिल्डरलाही या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं.

बसफेरीसाठी अर्ज डेपो मॅनेजरकडे आणि त्याची प्रत विभागीय नियंत्रकांकडे. थांब्याची जागा बदलायची तर रहदारी पोलीस आणि महापालिकाही त्यात येतात. तिलकवाडीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गेटजवळ राहणाऱ्यांना माहीत आहे, रेल्वे गेट, उड्डाणपूल आणि थांबा यांचा मेळ बसला नाही की शाळेच्या वेळेला काय होतं.

आमच्या भागातल्या कॉलेजच्या मुलींसाठी आम्ही फेरी मागितली तेव्हा पहिले दोन अर्ज तसेच पडून राहिले. तिसऱ्या वेळी एका मुलीच्या आईने वही घेतली. सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन सकाळी आठ ते साडेनऊ ती थांब्यावर बसली. कुठली बस किती वाजता आली, किती जण चढले, किती मागे राहिले, बस न थांबता गेली का, सगळं रकान्यांत. ती वही अर्जाला जोडली. डेपोतल्या अधिकाऱ्याने पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवून “ही गाडी रोज उशिरा येते का?” असं विचारलं, आणि तिथून बोलणं खऱ्या अर्थाने सुरू झालं. महिन्याभरात फेरीची वेळ बदलली.

११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. ते न घेता उतरू नका, आणि घरातल्या बायकांनाही सांगा. कंडक्टरच्या मशीनमध्ये त्या तिकिटाचीच नोंद होते. तुमच्या मार्गावर किती माणसं जातात हे मंडळाला त्यावरूनच कळतं, आणि फेरी बंद करायची की वाढवायची ते पुढे त्यावरच ठरतं. सीमेपलीकडे वीस किलोमीटरपर्यंतही ही सवलत आहे. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलगा, सुळगा करत शिनोळीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना याचा फार उपयोग होतो. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. अशा मार्गावर फेऱ्या वाढवायच्या तर दोन राज्यांमधल्या परस्पर कराराचा प्रश्न येतो, तो डेपोत सुटत नाही. तिथे अर्जाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात.

मोठ्या योजनांची चर्चा सुरू झाली की हुबळी-धारवाडला एक दिवस जाऊन या. बावीस किलोमीटरची बीआरटीएस, रस्त्याच्या मधून बससाठी राखीव मार्गिका, ‘चिगरी’ नावाच्या बसगाड्या. २०१८ च्या ऑक्टोबरात धावू लागल्या. बसमध्ये बसा, मग खाली उतरून रस्ता ओलांडून बघा, कडेच्या दुकानदाराशी बोला. आपल्याकडे असं काही आलं तर काय मागायचं आणि काय टाळायचं, हे तिथे एका दुपारी समजतं.

प्लॉट घेणाऱ्यांना दोन शब्द

शंभर रुपयांच्या बाँडवर गुंठा-दोन गुंठे घेऊ नका. विकणारा ओळखीचा असला तरी नको, भावकीतला असला तरी नको. एनएचा आदेश, लेआउट मंजुरीचा नकाशा आणि ई-खाते म्हणजे मालमत्तेची संगणकीकृत नोंद, तीनही कागद आधी बघा. गावात असेल तर ई-स्वत्तू या पंचायतीच्या संगणकीय नोंदीचा नमुना ९ आणि ११-अ. ११-ब हाती ठेवला तर मंजुरी नाही असं समजा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पाला रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी लागते, तो नंबर मागा. मंजूर नकाशात बाग आणि सीए साइट म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा कुठे दाखवलीय ते पाहून त्या जागी स्वतः जाऊन उभे राहा. तिथे कुणाचं घर बांधून झालेलं दिसलं तर पैसे खिशातच ठेवा.

स्थळपाहणी

हरकत वेळेत गेली तर कधीकधी अधिकारी जागा बघायला येतात. हा दिवस फुकट घालवू नका. पाहणी कधी आहे हे विचारून घ्या आणि त्या वेळी शेतावर हजर राहा. पाच-सहा जण पुरेत, गर्दी झाली की अधिकारी गाडीतून उतरत नाही. घोषणा नकोत. पाणी कुठून येतं, कुठे जातं, एवढं चालत दाखवा. पंचनामा लिहिला जाईल तेव्हा सही करण्याआधी तो मोठ्याने वाचायला सांगा, कन्नड येणारा एक जण शेजारी ठेवा.

काकांच्या शेताच्या वरच्या अंगाला दोन वर्षांनी आणखी एक नोटीस निघाली. त्या वेळी आम्ही सहाव्या दिवशी अर्ज दिला. पाहणी मार्चमध्ये ठेवली होती, जमीन भेगाळलेली, नाला कोरडा. काकांनी लेखी विनंती केली, पाहणी पावसाळ्यात करावी. अधिकाऱ्यांनी मान्य केलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते आले, बूट काढून हातात घेतले, आणि घोटाभर पाण्यातून बांधाच्या टोकापर्यंत चालत गेले.